मोटरहोमचा हात बसवताना: सुपर कॉरिडॉर ते गणेश घाट

मोटरहोम म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी. तिची चावी फिरवण्याआधी टेप घ्या. छतावरचा एसी, सोलर पॅनल धरून गाडीची उंची मोजा, त्यात अर्धा फूट वाढवा आणि तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवा. रेल्वेपुलाखाली किंवा हाइट गेजपाशी (उंच गाड्या अडवणारी कमान) आठवत बसायला वेळ मिळत नाही. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं. त्यापुढे जड वाहनाचं लागतं.

सराव भल्या पहाटे, इंदूरच्या सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावर. राजवाडा, सराफा, खजुरी बाजार या जुन्या शहराच्या बाजूला फिरकूच नका. ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीतल्या पोह्यांना रिक्षाने जा. गाडी २.२ मीटर रुंद आणि लेन ३.५ मीटरची, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ६५ सेंटिमीटर उरतात, त्यातही आरसे बाहेर आलेले. कारची सवय असलेला माणूस हमखास डावीकडे सरकतो. नजर बॉनेटवर न ठेवता लांब ठेवा आणि दर काही सेकंदांनी दोन्ही आरशांत लेनचा पट्टा पाहा.

खरी गोम वळणात आहे. मागचं चाक पुढच्या चाकाच्या आतून कापत येतं, म्हणून डावीकडे वळताना थोडं पुढे जाऊन मगच स्टिअरिंग फिरवायचं. त्याच वेळी मागच्या चाकांमागचा भाग उलट, उजवीकडे फेकला जातो. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ४ मीटर आणि मागच्या चाकांमागे २ मीटर बॉडी असेल तर पूर्ण वळणात साधारण फूटभर. पेट्रोल पंपावरून निघताना खांब घासतो तो यामुळेच. मोकळ्या मैदानात गाडी सरळ उभी करा, मागच्या कोपऱ्याखाली खडूची रेघ ओढा, स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळूच पुढे घ्या. कोपरा रेघेबाहेर किती गेला ते सोबतच्याला मोजू द्या.

रिव्हर्सला तोच सोबती खाली उतरवा, ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असा उभा. तो आरशातून नाहीसा झाला की गाडी थांबली पाहिजे. कॅमेरा आहेच, पण त्याला वरची फांदी दिसत नाही.

पाण्याची टाकी पूर्ण भरा नाहीतर रिकामी ठेवा. अर्धी टाकी ब्रेक लावला की पाणी पुढे ढकलते, वळणात बाजूला. १०० लिटर म्हणजे १०० किलो. जड सामान खाली, अॅक्सलांच्या मधे. टायरची हवा थंड असताना, कंपनीच्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे. निघण्यापूर्वी गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, पायरी आत, बाजूचं कापडी छत गुंडाळलेलं.

मानपूर सोडून धामणोदकडे उतरणारा गणेश घाट शेवटी ठेवा. इथे जड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन अपघात झाले आहेत. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करून दुसरा किंवा तिसरा गिअर टाका. मधे गिअर बदलायला गेलात आणि न्यूट्रलमध्ये अडकलात तर सगळा भार ब्रेकवर येतो. पाय ब्रेकवर सतत दाबून ठेवू नका: जोरात दाबा, वेग उतरवा, सोडा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर गिअर न सोडता सुरक्षित जागी थांबा, चाकांना दगड लावा आणि ब्रेक पूर्ण गार होऊ द्या. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.