पाठ थोपटा, पण वाटे चोख लिहा

मी मनुष्यबळ विभागात काम करते. लोकांनी वर्षअखेरीला स्वतःबद्दल भरून दिलेले मूल्यमापनाचे फॉर्म वाचणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. त्यात दोन नमुने हमखास सापडतात. एक, ‘माझ्या नेतृत्वाखाली प्रकल्प वेळेत पूर्ण झाला.’ दुसरा, ‘मी विशेष काही केलं नाही, सगळ्यांचंच सहकार्य लाभलं.’ पहिल्याला लोक गर्विष्ठ म्हणतात, दुसऱ्याला नम्र. मला दोघांचाही सारखाच वैताग येतो, कारण कोणी नेमकं काय केलं हे दोघांनीही सांगितलेलं नसतं. दुसऱ्याच्या बाबतीत तर चार जणांना विचारून त्याचं काम मलाच शोधून काढावं लागतं. म्हणून यश मिळाल्यावर कसं वागावं असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगते: नेमकं बोला. अभिमान त्यात बसतो आणि नम्रपणाही.

पण आधी आनंद तर होऊ द्या! कित्येकांना आपल्याच यशाचा संकोच वाटतो, जणू काही चोरी पकडली गेली आहे. जेसिका ट्रेसी आणि डेव्हिड मात्सुमोतो या मानसशास्त्रज्ञांनी २००४ च्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्युदो खेळाडूंची छायाचित्रं तपासली होती. जन्मांध खेळाडूही जिंकल्यावर छाती पुढे काढतात, हात उंचावतात, असं त्यांना दिसलं. हे त्यांनी कोणाचं पाहून उचललेलं असणं शक्य नाही. तेव्हा निकाल कळल्यावर खोलीत एकट्याने दोन उड्या मारल्यात तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. संध्याकाळभर हुरळून जायलाही माझी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद घ्या आणि काय घडलं ते लिहा. वाक्य ‘मी असा आहे’ या थाटाचं झालं तर खोडा, ‘मी हे केलं’ असं लिहा. ट्रेसी यांनी रिचर्ड रॉबिन्स यांच्यासोबत २००७ मध्ये अभिमानाचे दोन प्रकार मांडले. एक केलेल्या कष्टांशी बांधलेला असतो, दुसरा ‘मी मुळातच भारी’ या समजुतीशी. डोक्यात हवा जाते ती या दुसऱ्यामुळे. एका फॉर्ममध्ये ‘माझं सादरीकरण कौशल्य उत्तम आहे’ असं वाक्य होतं. त्या मुलीला समोर बसवून विचारलं, ‘म्हणजे तू काय केलंस?’ थोडी घुटमळली, मग म्हणाली, ‘ग्राहकाच्या जुन्या तक्रारी वाचून काढल्या आणि त्यांची उत्तरं पहिल्याच पानावर घेतली.’ हे वाक्य आधीच्यापेक्षा किती वजनदार आहे बघा, आणि त्यात बढाई शोधून सापडत नाही. शिवाय पुढच्या वेळी परत काय करायचं हेही तिला कळलं.

आता इतरांचा वाटा. इथे आपली स्मरणशक्ती दगा देते. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज एकूण कामापेक्षा जास्त भरली. गंमत म्हणजे भांडण उकरून काढण्यासारख्या गोष्टींतही लोकांनी स्वतःकडे जास्त वाटा घेतला. म्हणजे श्रेय लाटायची हाव हे काही याचं पुरेसं कारण नव्हे. स्वतःची जागरणं आपल्याला आठवतात, दुसऱ्याची आपण पाहिलेलीच नसतात.

म्हणून आठवणीवर विसंबू नका. जुने ईमेल, मेसेज चाळा आणि कोणी काय केलं त्याची यादी करा. मी तर सांगते, स्वतःचं नाव शेवटी लिहा, म्हणजे आधी इतरांची नावं आठवावीच लागतात. आणि आभार मानताना ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ असं म्हणून हात झटकू नका. ‘दुसऱ्या तक्त्यातली बेरीज चुकली होती, ती तिने पकडली, नाहीतर चुकीचे आकडे वरपर्यंत गेले असते,’ असं सांगा, तेही तिच्या वरिष्ठांसमोर. नशिबाची साथ मिळाली असेल तर तीही एका ओळीत नोंदवा. अख्खं यश मात्र नशिबाच्या पदरात टाकू नका.

कौतुक झालं की बऱ्याच जणांची तारांबळ उडते. ‘छे हो, माझं कसलं काय!’ म्हटलं की समोरच्याला तेच कौतुक आणखी जोरात करावं लागतं, आणि आपण ते दुसऱ्यांदा ऐकून घेतो. त्यापेक्षा ‘धन्यवाद, खूप मेहनत घेतली होती, बरं वाटलं’ म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यांत अवघड. ‘सत्कारांना जाऊन जाऊन दमलोय बुवा’ छापाची कुरकुरीच्या आडून वाजवलेली टिमकी सगळ्यांना ऐकू येते. मला तर त्यापेक्षा उघड शेखी मिरवणारा परवडतो.

स्वतःहून बातमी द्यायची असेल तर माणूस आणि वेळ बघा. आयरीन स्कोपेलिटी आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात आढळलं, की बढाई मारणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा ऐकणाऱ्याला आनंद कमी होतो आणि त्रास जास्त. ज्याला त्याच पदासाठी नकार मिळालाय त्याला सगळ्यांसमोर ऐकवू नका, आधी एकट्याला सांगा आणि थोडक्यात सांगा. मात्र ज्याच्यापुढे मनसोक्त फुशारकी मारता येईल असं एक तरी माणूस जवळ असू द्या. माझी बहीण आहे. ती तासभर ऐकून घेते, मग ‘झालं तुझं?’ म्हणते.

शेवटचं काम जरा लांबचं आहे. बढती मिळाली की लोक तुमच्या चुका काढायचे थांबतात. एका नव्या टीम लीडरने मला अभिमानाने सांगितलं, ‘हल्ली माझे अहवाल एका फटक्यात मंजूर होतात.’ मी त्याच्या टीममधल्या दोघांना विचारलं. अहवालातलं तिसरं पान त्यांना कळलंच नव्हतं, पण साहेबांना सांगणार कोण? ‘कसा वाटला?’ असं विचारलंत की ‘छान’ असंच उत्तर येणार. ‘कुठे अडखळलात? कुठलं पान दोनदा वाचावं लागलं?’ असं विचारा. टीममधल्या सगळ्यांत नव्या माणसाला आधी विचारा, जुन्यांना मागून. उत्तर मिळालं की खुलासा करत बसू नका, लिहून घ्या. त्यातली एक तरी सुधारणा पुढच्या अहवालात करा आणि ती कोणी सुचवली ते नावासकट तिथेच लिहा.