स्टेजवर स्वतःचा बेस ऐकू येत नाही? या चुका टाळा

दुसरं गाणं संपता संपता बेस गिटार वाजवणाऱ्याचा हात मागे ॲम्पकडे जातो. पहिल्या गाण्याला ड्रमर अजून तापलेला नसतो, गिटारवाला अंदाज घेत असतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. दुसऱ्याला सगळे रंगात येतात. आपली बोटं तारेवर फिरताना दिसतात, पण सूर कानात पोचत नाही. मग आवाजाचा नॉब थोडा पुढे. त्यामुळे गिटारवाल्याला स्वतःची गिटार पुसट वाटते, तोही वाढवतो. ड्रमर जोरात मारायला लागतो. पाचव्या गाण्याला गायिका एका कानात बोट घालून गात असते, आणि बेस अजूनही ऐकू येत नसतो.

सांगली-मिरजेकडच्या बँडमध्ये आणि ऑर्केस्ट्रात मी बरीच वर्षं बेस वाजवतोय. जत्रेतलं फळ्यांचं स्टेज, पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय, कॉलेजचं गॅदरिंग, भावे नाट्यमंदिर, सगळीकडे हाच त्रास पाहिला. बहुतेक वेळा आवाज कमी पडलेला नसतो. तो भलत्याच ठिकाणी जात असतो, किंवा दुसऱ्या कुणाच्या आवाजाखाली दबलेला असतो. नॉबनं का भागत नाही याचं गणित साधं आहे. १०० वॅटच्या ॲम्पऐवजी २०० वॅटचा आणला, तरी आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. तेवढे वॅट ना आपल्याकडे असतात, ना आयोजकांच्या जनरेटरकडे.

चूक: ॲम्प गुडघ्यांना ऐकवणं

ही चूक इतकी सर्रास होते की आधी हीच तपासा. भाड्याच्या सेटअपमध्ये मिळणारा छोटा कॉम्बो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) जमिनीवर ठेवलेला असतो आणि आपण त्याच्यापुढे अर्ध्या मीटरवर उभे असतो. बेसचे खालचे स्वर चहूकडे पसरतात, पण कुठला सूर लागला हे कळतं ते आवाजाच्या वरच्या भागावरून. तो भाग स्पीकरच्या तोंडातून टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. म्हणजे आपल्या पोटऱ्यांवर. आपल्याला नुसतं घुं घुं ऐकू येतं, आणि समोरच्या रांगेत बसलेल्या माणसाचा कान मात्र नेमका त्या झोतात असतो. आपण वाढवतो आणि त्याला त्रास होतो.

उपाय फुकटचा आहे. ॲम्प मागे तिरपा करा, म्हणजे स्पीकरचं तोंड तुमच्या चेहऱ्याकडे होईल. खाली मजबूत लाकडी ठोकळा किंवा वीट चालते. काही कॉम्बोची एक बाजू त्यासाठीच तिरकी कापलेली असते. नाहीतर भक्कम स्टुलावर कानाच्या जवळपास उंचीला ठेवा. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवू नका, थरथरीनं सरकत सरकत तो खाली येतो. जागा असेल तर दोन मीटर पुढे उभे राहा. नुसतं ॲम्प उचलून आवाजाचा नॉब निम्म्यावर आणता आला, असं मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

‘बेसची लाट लांब असते, ती उलगडायला जागा लागते, म्हणून जवळ ऐकू येत नाही’ असंही सांगितलं जातं. पहिला अर्धा भाग खरा आहे. मोकळी ई तार, म्हणजे सगळ्यांत जाड तार, सुमारे ४१ हर्ट्झला कंप पावते आणि तिची लाट हवेत ८ मीटरहून लांब असते. पण लाट उलगडायला खरंच जागा लागली असती, तर हेडफोनमध्ये बेस ऐकूच आला नसता. दूर गेल्यावर स्पष्ट ऐकू येतं, कारण आपला कान त्या झोतात येतो.

चूक: घरच्या खोलीत जमवलेला टोन स्टेजवर आणणं

घरी हळू आवाजात वाजवताना आपण बेसचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, नॉब वाढवतो, मिड म्हणजे मधले स्वर कमी करतो. गोड, गुबगुबीत आवाज येतो. त्याचं कारण कानात आहे. आवाज लहान असला की कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून ते वाढवावेसे वाटतात. स्टेजवर आवाज मोठा असतो, कान ते स्वर आपोआप पकडतो, आणि घरचा टोन तिथे चिखल होतो. त्यात ड्रमचा किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) याच भागात, ढोबळमानानं ५० ते १०० हर्ट्झमध्ये दणकत असतो. दोघं एकमेकांवर बसतात, आणि मिड तर आपण स्वतःच कापलेले असतात. मग सूर कुठून कळणार?

इथे आपल्या मिरजेतलंच उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तानपुऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत राहतो. धागा चुकीच्या जागी असला तर खर्जाची तार नुसती जाड वाजते. तो बरोबर जागी आला की त्याच तारेतून वरचे स्वर फुटतात, आवाज उमलतो, आणि मागे बसून छेडलेल्या तानपुऱ्याचा सा गवयाला स्पष्ट मिळतो. खर्ज मोठा केलेला नसतो, त्याचे वरचे स्वर मोकळे केलेले असतात. बेस गिटारचंही तेच. ४१ हर्ट्झच्या ई तारेत ८२, १२४, १६५ असे वरचे स्वर असतातच, आणि कान त्यांच्यावरूनच मूळ सूर ओळखतो. साधा मोबाइलचा स्पीकर ४१ हर्ट्झ वाजवूच शकत नाही, तरी मोबाइलवर गाणं ऐकताना बेसची चाल कळते ती यामुळेच.

म्हणून स्टेजवर बेसचा नॉब मध्यावर किंवा थोडा खाली ठेवा, आणि मिड वाढवा. ४०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडी वाढ केली की सूर पुढे येतो. एकट्यानं वाजवून पाहाल तर हा टोन कर्कश, नाकातला वाटेल. घाबरू नका, टोनचा निर्णय पूर्ण बँड वाजत असतानाच घ्या. ३०-४० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा हाय-पास फिल्टर ॲम्पवर किंवा पेडलवर असेल तर चालू करा. तिथं सूर फारसा नसतो, गडगडाट असतो, आणि ॲम्पची ताकद त्यात वाया जाते. तारा दोन वर्षं जुन्या असतील तर मात्र कुठलाही नॉब मदत करणार नाही. त्यांच्यातले वरचे स्वर कधीच मेलेले असतात.

ऐकू येत नाही म्हणून उजव्या हातानं तारा ओरबाडायलाही लागू नका. तार पट्ट्यांवर आपटते, सूर सुरुवातीला चढा लागतो, तिसऱ्या गाण्याला मनगट आखडतं. हलकं वाजवा, आणि तेवढ्यावर ऐकू येईल असा ॲम्प लावा.

चूक: साउंडवाल्याला नुसतं ‘बेस वाढवा’ सांगणं

आपल्याकडच्या साउंडच्या धंद्यात ‘बेस’ म्हणजे खालचे मोठे खोके. ‘चार बेस, चार टॉप’ असा सेटअपचा हिशोब असतो. तुम्ही स्टेजवरून ‘दादा, बेस वाढवा’ म्हणालात की तो बिचारा सगळ्याच आवाजाचा खालचा भाग वाढवतो. किक वाढतो, ढोलकीचा धुम वाढतो, कीबोर्ड फुगतो. तुमचा सूर आणखी खाली जातो आणि तुम्ही पुन्हा तेच ओरडता.

मॉनिटर म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. नीट सांगायचं ते असं: ‘दादा, बेस गिटारच्या चॅनेलचा आवाज माझ्या मॉनिटरमध्ये थोडा द्या. त्यात मिड ठेवा, खालचा कमी करा. आणि माझ्या मॉनिटरमधून कीबोर्ड काढा.’ शेवटचं वाक्य बहुतेकजण विसरतात. मॉनिटरमध्ये स्वतःला वाढवून घेण्याआधी नको ते काढायला सांगा. साउंडवाल्याचं नाव विचारून घ्या, त्याच्याशी दोन शब्द आदरानं बोला. दिवसभर उन्हात केबल ओढलेला असतो तो माणूस.

बाहेरच्या आवाजासाठी डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) थेट मिक्सरला लाइन द्या. पूर्वी बाहेरच्या स्पीकरमधून फक्त गाणं जायचं, बेस लोकांपर्यंत पोचवणं ॲम्पचंच काम होतं. म्हणूनच १९६९ साली अँपेगचा ३०० वॅटचा एसव्हीटीसारखा राक्षसी ॲम्प बनला. आज लोकांना बेस बाहेरच्या खोक्यांतून जातो. तुमच्या ॲम्पनं फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकवायचं आहे. ॲम्पच्या डीआयला ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ असं बटण असेल तर ‘प्री’ ठेवा, मग तुम्ही स्टेजवर टोन फिरवला तरी बाहेरचा बदलत नाही.

चूक: खालची जागा कुणाची, हे न ठरवणं

ऑर्केस्ट्रात हे सगळ्यांत जास्त घडतं आणि याबद्दल बोलायला लोक संकोचतात. कीबोर्डवाला एकटा कार्यक्रम करायचा तेव्हा डाव्या हातानं बेस वाजवायचा. बेसिस्ट आला तरी ती सवय जात नाही. ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड) लांब घुमणारा किक लावलेला असतो. त्यात मायनस ट्रॅक (गाणाऱ्याचा आवाज काढलेलं रेकॉर्डिंग) लावून गाणं चाललं असेल तर त्या ट्रॅकमध्ये मूळ बेस आधीच भरलेला असतो! एकाच सप्तकात तिघं-चौघं तोच स्वर वाजवत असताना स्वतःचा कुठला हे कुणालाच कळणार नाही, मग ॲम्प कितीही मोठा आणा.

हे तालमीत सोडवायचं, स्टेजवर नाही. कीबोर्डवाल्याला बाजूला घेऊन सांगा, ‘भावा, खालचं मी धरतो, तू डावा हात मधल्या सप्तकात ठेव.’ चांगल्या मनानं सांगितलं तर कुणी रागावत नाही, उलट त्याचे कॉर्डही स्वच्छ ऐकू यायला लागतात. ऑक्टोपॅडचा किक आखूड, टणक निवडायला सांगा. ट्रॅक बेस काढलेला मिळवा. आणि गिटारवाल्यानं त्याच्या ॲम्पवरचा बेस कमी केला तर त्याला फरक कळणारही नाही, तुम्हाला मात्र कळेल.

उभं कुठे राहता यानंही खूप फरक पडतो. ड्रमरच्या हाय-हॅटच्या, म्हणजे पायानं मिटणाऱ्या झांजांच्या, बाजूला राहा. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. जत्रेच्या रुंद स्टेजवर तुम्ही ड्रमपासून १० मीटर दूर गेलात तर त्याचा ठोका तुम्हाला जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि गाणं ओढल्यासारखं वाटायला लागतं.

एकच सूर घुमतो, बाकीचे गायब

हे झालं तर आधी ॲम्प कुठे आहे ते बघा. जमीन आणि दोन भिंती जिथे मिळतात त्या कोपऱ्यात खालचे स्वर फुगतात. ॲम्प पुढे ओढा. पिंपांवर किंवा लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकलेलं स्टेज आतून पोकळ असतं, ते स्वतःच ढोलासारखं वाजतं. ॲम्पखाली जाड फोम किंवा दुमडलेली सतरंजी घाला. तरी एखादा सूर, समजा जी, घुमतच असेल तर इक्वलायझरवर तेवढाच भाग कापा. खालच्या जीची वारंवारता सुमारे ४९ हर्ट्झ, ए ५५, डी ७३.

बाहेरचे मोठे खोके स्टेजला चिकटून असतील तर त्यांचा खालचा आवाज मागे तुमच्याकडेही येतो, थोडा उशिरा आणि गढूळ. ते दोन-तीन मीटर पुढे नेता येतात का, हे सेटअप लागतानाच विचारा. नंतर कुणी हलवत नाही.

इन-इअर घेतले, तरी बेस नाही

बहुतेकदा इअरफोनची रबरी टोपी कानात घट्ट बसलेली नसते. जरा फट राहिली की सगळ्यांत आधी खालचे स्वर जातात. टोपीचा आकार बदलून बघा. एक कान उघडा ठेवून वाजवणं मला धोक्याचं वाटतं, कारण उघड्या कानाला स्टेजचा सगळा मारा बसतो आणि बंद कानात आपण आवाज वाढवत जातो.

कानाबद्दल एवढं तरी लक्षात ठेवा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ही कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशोबानं १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं मिळतात. कार्यक्रमानंतर रात्री उशीवर डोकं टेकल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर आवाज झेपण्यापलीकडे गेला होता. वादकांसाठीचे इअरप्लग वापरा.

गुणगुण आणि करंट

स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या केबलमधलं ग्राउंड तोडणारं) बटण दाबा, बहुतेक गुणगुण तिथेच थांबते. ॲम्प आणि मिक्सर शक्यतो एकाच बोर्डवरून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची तिसरी पिन कधीही काढू नका, कुणी सुचवलं तरी. तारांना हात आणि माइकला ओठ लागलेले असताना तो जिवाशी खेळ आहे.

साउंडचेकला तीनच मिनिटं मिळाली तर

आपल्याकडे ती तेवढीच मिळतात. सत्कार, नारळ, भाषणं लांबतात, आणि मोकळ्या जागेत रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद करायचा असतो. काही ठरावीक सणांच्या दिवशीच ती वेळ १२ पर्यंत वाढवून मिळते. त्या तीन मिनिटांत एकट्यानं बेस वाजवून दाखवण्यात वेळ घालवू नका. कार्यक्रमातलं सगळ्यांत दणदणीत गाणं निवडा आणि त्याचं धृपद पूर्ण बँडनं पूर्ण जोरात वाजवा, हळू नाही. आधी ड्रमर आणि तुम्ही, दोन आवर्तनं. मग गिटार, मग कीबोर्ड. ज्याच्या येण्यानं तुमचा सूर बुडतो, त्याच्याकडे तेव्हाच बघा आणि त्याचा आवाज किंवा टोन तेव्हाच उतरवून घ्या. मग ॲम्पच्या नॉबच्या जागी खडूनं किंवा टेपच्या तुकड्यानं खूण करा, आणि दुसऱ्या गाण्याला हात मागे गेला तर त्या खुणेवरूनच परत आणा.