पंचरवाल्याच्या नजरेनं रेस: फॉर्म्युला वनचे टायर कसे वाचायचे

वरुड–मोर्शी रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. एक कंप्रेसर, दोन जॅक, पाण्याचा टब आणि भिंतीला टेकवलेले पंधरा-वीस जुने टायर, एवढाच पसारा. उन्हाळ्यात रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी पट्टी चढवलेले टायर) फाटलेले ट्रक येतात, दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या, संत्र्याच्या हंगामात रात्री-बेरात्री कोणीही. रेसचा नाद भाच्यानं लावला. युरोपातल्या बहुतेक रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू होतात. मोबाइल कंप्रेसरवर टेकवायचा आणि हात पुसत पुसत पाहायचं.

पहिल्याच रेसला शेजारच्या चहावाल्या भाऊंनी विचारलं, "थे पुढची गाडी मधातच थांबली काहून? पंचर झाली का?"

नव्या माणसाचं इथंच चुकतं. तो पुढे कोण आहे ते पाहत बसतो. गाडीच्या पायात काय आहे आणि ते किती फेऱ्या चाललंय, हे पाहायला लागलात की निम्मी रेस आधीच कळते. कसं पाहायचं ते सांगतो.

आधी रंग

टायर सगळ्यांना एकाच कंपनीचे. २०११ पासून पिरेलीच पुरवते, त्यामुळे कोणाचा टायर भारी हा वादच नाही. कोरड्या रस्त्याचे तीन: पांढऱ्या पट्टीचा हार्ड, पिवळ्या पट्टीचा मीडियम, लाल पट्टीचा सॉफ्ट. पावसाचे दोन: हिरवा इंटरमीडिएट आणि निळा फुल वेट. मऊ रबर धरतं जास्त आणि संपतंही लवकर. दुकानात नवा पोरगा आला तर त्यालाही हे आठवडाभरात कळतं.

गोम वेगळीच आहे. लाल म्हणजे दर वेळी तेच रबर नव्हे. पिरेलीकडे रबराचे नंबर आहेत, सी१ सगळ्यांत कडक आणि पुढे मऊ मऊ होत सी५ पर्यंत. २०२५ साली त्याहून मऊ सी६ सुद्धा आणला होता. प्रत्येक रेसला त्यातले तीन निवडतात. त्या तिघांत जो कडक त्याला पांढरी पट्टी, जो मऊ त्याला लाल. म्हणजे एका गावचा सॉफ्ट दुसऱ्या गावचा मीडियम. मागच्या रेसला लाल टायर वीस फेऱ्या टिकला होता, हे डोक्यात धरून बसू नका. शुक्रवारी या वेळचे तीन नंबर कोणते ते एकदा पाहून घ्या.

सेटही मोजून मिळतात. साध्या रेसला शुक्रवार ते रविवार मिळून एका ड्रायव्हरला कोरड्याचे तेरा सेट: दोन हार्ड, तीन मीडियम, आठ सॉफ्ट. सराव त्यातच, पात्रता फेरी त्यातच, रेसही त्यातच. शनिवारी लाल टायर जास्त जाळले तर रविवारी वापरलेलेच लावावे लागतात.

गुळगुळीत टायर पाहून दचकू नका

कोरडा टायर साफ गुळगुळीत असतो. आमच्याकडे असा टायर आला तर मी गिऱ्हाइकाला रागावतो, कारण आपल्या रस्त्यावर नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानंही चालत नाही. पण नक्षी असते पाणी बाजूला सारायला. रस्ता कोरडा असेल तर खाचा नसलेलं रबर जास्त टेकतं, जास्त धरतं. १९९८ ते २००८ गाड्यांचा वेग कमी करायला मुद्दाम खाचांचे टायर सक्तीचे होते, २००९ ला गुळगुळीत परत आले.

रुंदीचा अंदाज हवा असेल तर ट्रॅक्टरचा मागचा १३.६-२८ चा टायर आठवा. तो सुमारे ३४५ मिलिमीटर रुंद. फॉर्म्युला वनचा मागचा टायर २०२५ पर्यंत ४०५ होता, २०२६ पासून ३७५ केला. म्हणजे बारीक केल्यावरही ट्रॅक्टरपेक्षा रुंदच. आणि २०२१ पर्यंत एवढ्या गाडीला रिम होती तेरा इंची, आपल्या जुन्या इंडिकाला असते तेवढीच. २०२२ पासून अठरा इंची झाली.

दोन रंगांचा नियम

रेस कोरडी असेल तर प्रत्येकाला तीनपैकी किमान दोन रंग वापरावेच लागतात, नाहीतर निकालातून नाव बाद. पेट्रोल भरायला थांबणं २०१० पासून बंद आहे, त्यामुळे गाडी आत येते ती बहुतेक वेळा टायरसाठीच. लाल काढून दुसरा नवा लाल लावला तर तो दुसरा रंग धरत नाहीत. पावसाचा टायर एकदा लावला की मात्र ही अट सुटते.

स्क्रीनच्या डाव्या बाजूच्या यादीत अधूनमधून नावापुढे रंगीत गोल येतो. तो आला की वहीत उतरवून घ्या. मी हवेच्या हिशोबाच्या वहीतच मागच्या पानावर लिहितो: कोण, कोणता रंग, कितव्या फेरीला लावला. अर्ध्या रेसनंतर ज्याचा एकच रंग लिहिलेला आहे, तो कितीही पुढे असो, त्याचं एक थांबणं बाकी आहे.

थांबणं दोन सेकंदांचं, नुकसान बावीसचं

भाऊंचा विश्वासच बसत नव्हता. "दोन शेकंदात चार चक्के? काई बी दाखवतेत!" पण खरं आहे. एका चाकाला तीन माणसं: एक पान्ह्याची गन धरतो, एक जुनं चाक ओढतो, एक नवं बसवतो. पुढे-मागे जॅकवाले, बाजूला गाडी धरणारे, सगळे मिळून वीसेक जण. चाकाला मधोमध एकच नट. २०२३ साली कतारमध्ये मॅक्लारेन टीमनं आपला ड्रायव्हर लँडो नॉरिसचे चारही टायर १.८० सेकंदांत बदलले. मी एकटा ट्रॉलीचं एक चाक वीस मिनिटांत बदलतो आणि त्यात मला अभिमान वाटायचा.

एकच नट म्हणजे तो गेला की सगळंच गेलं. २०२१ च्या मोनॅको रेसला ड्रायव्हर वाल्टेरी बोटासच्या पुढच्या उजव्या चाकाच्या नटाचे कंगोरे गनखाली सोलून निघाले. चाक निघेना, रेस तिथेच संपली. ते चाक शेवटी इंग्लंडच्या कारखान्यात नेऊन काढलं. आमच्या भाषेत नट गोल झाला. मागच्या वर्षी एका ट्रॉलीचा माझ्याच हातून झाला, पान्हा नीट न बसवता पायानं जोर दिला होता. छन्नी-हातोड्यानं काढता काढता रात्र झाली, वर पैसे मागायची सोय नाही. बोटास शांतपणे गाडीत बसून होता, तेव्हा त्याच्यापेक्षा त्या गनवाल्याची मला जास्त कीव आली.

पण दोन की अडीच सेकंद याच्यात फार अडकू नका. पिटच्या गल्लीत, म्हणजे टायर बदलायला आत यायच्या रस्त्यावर, वेगाला बंधन असतं, बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटर. आत वळणं, हळू जाणं, बाहेर येणं धरून एकूण वीस ते पंचवीस सेकंद जातात, ट्रॅकनुसार कमी-जास्त. समालोचक त्या दिवशीचा आकडा सांगतो, तो पाठ करा.

मग एक हिशोब करायला शिका, सगळ्यांत कामाचा हाच. समजा आकडा बावीस आहे. जो थांबणार आहे त्याच्या मागे बावीस सेकंदांवर कोण आहे ते यादीत शोधा. गाडी बाहेर येईल ती तिथेच. ती जागा मोकळी असेल तर थांबायला हरकत नाही. तिथे चार हळू गाड्यांची रांग असेल तर नवे टायर लावूनही माणूस त्यांच्या मागे अडकतो, कापसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी अडकते तसा.

आधी थांबून पुढे जाणं

याला अंडरकट म्हणतात. तुम्ही पुढच्यापेक्षा दीड सेकंद मागे आहात, टायर दोघांचेही घासलेले. तुम्ही एक फेरी आधी आत जाता. तुमची पुढची फेरी नव्या टायरवर, त्याची जुन्यावर. तुम्ही त्या एका फेरीत दोन सेकंद कमावले, की तो थांबून बाहेर येईपर्यंत तुम्ही त्याच्या पुढे. म्हणून दोघे जवळजवळ धावत असतील आणि मागचा अचानक आत वळला, तर कॅमेरा कुठेही असो, पुढच्याच्या पुढच्या फेरीकडे लक्ष ठेवा. त्याची टीम घाईघाईनं त्यालाही आत बोलावते.

हे जमायला नवा टायर लगेच गरम व्हावा लागतो. गार रबर धरत नाही. म्हणून कोरडे टायर आधीच विजेच्या गोधडीत ७० अंशांपर्यंत तापवून ठेवतात. तरी थंडीच्या दिवशी हार्ड टायर एखादी फेरी घसरतोच. तेव्हा उलटी चाल चालते: जो जुन्यावर थांबून राहिला तोच पुढे निघतो.

सेफ्टी कार आली की चहा खाली ठेवा

अपघात झाला की सेफ्टी कार नावाची गाडी सगळ्यांच्या पुढे येते, सगळे तिच्यामागे हळू धावतात. तेव्हा पिटमध्ये जाणाऱ्याचं नुकसान निम्म्यापर्यंत येतं, कारण बाहेरचेही रेंगाळतच असतात. टायर स्वस्तात मिळायची हीच वेळ.

कतार, नोव्हेंबर २०२५. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, दुकानासमोर ट्रॉलीचं चाक उघडं पडलेलं, आणि मी मोबाइलसमोर. त्या रेसला जादा नियम होता: कोणताही सेट पंचवीस फेऱ्यांच्या वर चालवायचा नाही. रेस ५७ फेऱ्यांची. सातव्या फेरीला सेफ्टी कार आली. वहीवर मांडा: सत्तावन्नातून सात गेले, राहिले पन्नास, म्हणजे बरोबर पंचवीस-पंचवीसचे दोन सेट. आता थांबलं की एक थांबा जवळजवळ फुकट आणि पुढे एकच उरतो. जवळपास सगळे आत वळले. पहिल्या नंबरवर धावणाऱ्या पियास्त्रीच्या मॅक्लारेननं त्याला आणि नॉरिसला दोघांनाही बाहेर ठेवलं.

मी ट्रॉलीवाल्याला म्हटलं, "हे गेले." तो म्हणाला, "पुढं तं थेच आहे ना!" पुढे होतेच. पण त्यांच्या वहीत दोन थांबे बाकी होते आणि मागच्यांच्या वहीत एक. मॅक्स वेर्स्टाप्पेन जिंकला, पियास्त्री दुसरा, नॉरिस चौथा. नॉरिसनं पुढच्या रेसला वर्षाचं विजेतेपद घेतलं खरं, पण वेर्स्टाप्पेनपेक्षा फक्त दोन गुण जास्त घेऊन.

असे जादा नियम एखाद्याच रेसला असतात. २०२५ लाच मोनॅकोत प्रत्येकाला किमान तीन सेट वापरायला लावले होते. रेसच्या आधी दोन मिनिटं देऊन असं काही आहे का ते पाहून घ्या, नाहीतर वही चुकते.

पाऊस

ताशी ३०० च्या वेगात हिरवा टायर सेकंदाला सुमारे ३० लिटर पाणी फेकतो, निळा ८५. पंधरा लिटरच्या बादलीनं मोजा: हिरवा दोन बादल्या, निळा साडेपाचच्या वर, आणि हे एकेका टायरचं. तरी निळा फारसा दिसत नाही. तेवढा पाऊस असला की मागच्याला तुषारांत काही दिसतच नाही आणि रेसच थांबवतात.

पाऊस उघडल्यावर गुळगुळीत टायरवर कधी यायचं, हा खरा जुगार. माझी पद्धत सांगतो. पुढच्यांकडे पाहू नका, ते घाबरतात, त्यांच्याकडे गमावायला बरंच असतं. पंधराव्या-सोळाव्या नंबरचा कोणीतरी आधी लाल किंवा पिवळा लावून बाहेर येतो. त्याच्या दुसऱ्या फेरीची वेळ पाहा. ती हिरव्यावाल्यांपेक्षा कमी आली की दोन मिनिटांत पिटसमोर रांग लागते.

झीज कशी ओळखायची

रबरावर खोडरबरासारख्या बारीक वळ्या दिसल्या तर टायर गार असताना घसरलाय. याला ग्रेनिंग म्हणतात, सांभाळून चालवलं तर कधी कधी ते निघूनही जातं. फोड आले, खड्डे पडले तर आतून तापलाय. ते ब्लिस्टरिंग, आणि ते परत भरत नाही. मे महिन्यात आमच्याकडे रिमोल्डची पट्टी सुटते, जात तीच. ब्रेक दाबल्यावर चाक अडकून धूर निघाला तर एका जागी सपाट डाग पडतो आणि ड्रायव्हर रेडिओवर गाडी थरथरते म्हणून ओरडायला लागतो. नुसतं "टायर गेले" म्हणून रडणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका, समोरच्या टीमला फसवायलाही तसं म्हणतात. फेरीच्या वेळा पाहा. तीन फेऱ्या ओळीनं वेळ वाढत गेली तर खरंच गेले.

झेंडा पडल्यावर लगेच मोबाइल बंद करू नका. गाड्या मुद्दाम ट्रॅकच्या कडेला जाऊन तिथे पडलेले रबराचे तुकडे टायरला चिकटवून घेतात. कारण शेवटी गाडीचं वजन होतं आणि घासलेला टायर हलका झालेला असतो. २०२४ ला बेल्जियममध्ये जॉर्ज रसेल एकाच थांब्यावर जिंकला, सगळे थक्क. मग काट्यावर गाडी ठरलेल्या किमान वजनापेक्षा दीड किलो कमी भरली, विजय गेला, पहिला नंबर हॅमिल्टनला. टायर फार झिजल्याचा त्यात वाटा होता असं जाणकार म्हणाले. त्या ट्रॅकवर रेसनंतर पूर्ण फेरी न मारताच गाड्या परत येतात, म्हणजे तुकडे गोळा करायचीही सोय नव्हती.

हे ऐकून ट्रॉलीवाला किती तरी वेळ हसत होता. "दीड किलोसाठी नंबर काढला? दीड किलो तं आमच्या काट्यावाला चहा पेता पेता मारते."