वर्गातली हवा कशी तपासावी आणि कशी सुधारावी

मधल्या सुट्टीनंतर मुलं पेंगायला लागली की बोल विषयाला नाहीतर शिक्षकांना लावला जातो. वर्ग भरलेला आणि खिडक्या लावलेल्या असतील, तर आधी हवा तपासा. ते काम कोणत्याही शिक्षकाला किंवा पालकाला जमण्यासारखं आहे.

त्यासाठी कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर लागतो. तो इन्फ्रारेड सेन्सरचाच घ्या. काही स्वस्त मीटर हा वायू प्रत्यक्ष मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाजाने आकडा दाखवतात. त्यांच्या नादी लागू नका. मीटर आणल्यावर आधी उघड्यावर ठेवा. 420 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 420 भाग) आसपास आकडा आला, तर मीटर ठीक आहे.

वर्गात तो बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून दूर ठेवा. कोणाचा श्वास थेट त्यावर येऊ देऊ नका, नाहीतर आकडा उगाच चढतो. वर्ग रिकामा असताना एकदा, तास संपताना एकदा आणि खिडक्या उघडल्यावर दहा मिनिटांनी एकदा, अशा नोंदी वहीत लिहा.

800 च्या आत आकडा म्हणजे हवा चांगली. 1000 ची मर्यादा म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी 1858 मध्येच सुचवली होती आणि ती आजही उपयोगी पडते. आपण सोडलेल्या श्वासात या वायूचं प्रमाण साधारण 40,000 पीपीएम असतं. म्हणजे मीटर 2000 दाखवत असेल, तर वर्गातल्या हवेचा जवळजवळ पंचविसावा हिस्सा कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. सर्दी-खोकला वर्गभर पसरायला ही हवा मोठा हातभार लावते.

आता सुधारणा. छताचा पंखा हवा फक्त फिरवतो, नवी आणत नाही. बहुतेक स्प्लिट एसीचंही तेच. हवा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट हवी, म्हणून समोरासमोरच्या खिडक्या किंवा खिडकी आणि दार एकाच वेळी उघडा. टिश्यू पेपरची बारीक पट्टी दारात धरून बघा. ती एका बाजूला झुकली तर हवा वाहते आहे. वरची झडप उघडता येत असेल तर जरूर उघडा, कारण गरम हवा वर चढून तिथूनच निघून जाते. थंडीत खिडक्या सताड उघड्या ठेवायची गरज नसते. आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे छोट्या फटीतूनही हवा जोरात खेळते. दोन तासिकांच्या मधे मात्र सगळ्या खिडक्या पाच मिनिटं पूर्ण उघडाव्यात.

बाहेर धूर किंवा रहदारी असेल तर हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचं) यंत्र लावा. धूळ आणि विषाणू कमी होतील, पण मीटरचा आकडा उतरणार नाही, कारण फिल्टर कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. त्यामुळे फिल्टर आहे म्हणून खिडक्या कायमच्या बंद करू नयेत.

फळा ओल्या फडक्याने पुसा आणि केर मुलं वर्गात नसताना काढा.

हे सगळं करूनही आकडा 1500 च्या खाली येत नसेल, तर खिडकीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लागेल. त्याची मागणी मुख्याध्यापकांकडे करताना नोंदींची वही सोबत न्या.