एअर रायफलचे छर्रे तोलायला काटा कसा निवडावा

०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवणारा काटा सारख्या वजनाचे छर्रे निवडायला घेऊ नका. झवेरी बाजारात छोटा डिजिटल काटा मागितला की बरेचदा हाच पुढे येतो, क्षमता ३०० किंवा ६०० ग्रॅम. दागिन्याला ठीक आहे. ४.५ मिलिमीटरचा मॅच (स्पर्धेतला) छर्रा मात्र साधारण ०.५३ ग्रॅमचा. चांगल्या डब्यातल्या छऱ्यांत फरक असतो तो काही मिलिग्रॅमचा, आणि या काट्याचं एक पाऊलच १० मिलिग्रॅमचं. अख्खा डबा ‘०.५३’ आणि ‘०.५४’ एवढ्या दोनच आकड्यांत संपेल.

म्हणून ०.००१ ग्रॅमचा काटा हवा, क्षमता २० ते ५० ग्रॅम पुरे. मोठ्या क्षमतेच्या मोहात पडू नका. त्याच पैशात क्षमता वाढली की बारकावा जातो. तव्यावर वाऱ्याचं झाकण असलंच पाहिजे. डब्यावर वजन ग्रेनमध्येही छापलेलं असतं (१ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम), पण काटा ग्रॅमवरच ठेवा. ग्रेनवर बरेच काटे ०.०२ च्या पायरीने सरकतात, म्हणजे १.३ मिलिग्रॅमने, आणि हातातला बारकावा फुकट जातो.

तीन दशांश दिसले म्हणजे तिसरा खरा असतोच असं नाही. दुकानातच तपासा. काटा चालू करून पंधरा-वीस मिनिटं तापू द्या (दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे). मग एकच छर्रा प्लास्टिकच्या टोकाच्या चिमट्याने दहा वेळा ठेवा, उचला, प्रत्येक आकडा लिहा. सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान यांत २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंतर पडलं तर तो काटा नको. नंतर तोच छर्रा तव्याच्या कडेला ठेवून बघा. आकडा बदलत असेल तर घरी नेमका मधोमध ठेवायची शिस्त लागेल.

आणखी एक खोड लक्षात घ्या. शून्याजवळचा हळू बदल हे काटे आपोआप गिळतात, कारण तो उष्णतेचा सरक आहे असं त्यांना वाटतं. त्यामुळे रिकाम्या तव्यावर हलकी वस्तू अलगद ठेवली की आकडा कमी येऊ शकतो. उपाय सोपा: आधी १० ग्रॅमचं वजन ठेवायचं, शून्य करायचं नाही, आणि त्याच्यासोबत छर्रा तोलायचा. १०.००० वरून १०.५३२ झालं, तर छर्रा ०.५३२.

कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या वजनाने काटा जुळवणं) काटा जिथे वापरणार तिथेच करा. लोडसेलचा (भाराने किंचित वाकणाऱ्या धातूच्या पट्टीचा) काटा खरं तर बल मोजतो, आणि मुंबईत गुरुत्वाकर्षण ४५ अंश अक्षांशावरच्या ठिकाणापेक्षा सुमारे ०.२ टक्के कमी आहे. तिकडे जुळवलेला काटा इथे २० ग्रॅमला जवळपास ४० मिलिग्रॅम कमी दाखवेल. सोबत येणाऱ्या वजनावर फार विसंबू नका. वजनांचे अचूकतेचे दर्जे असतात: २० ग्रॅमच्या वजनाला एम१ दर्जात २.५ मिलिग्रॅम चुकीची सूट असते, एफ२ मध्ये ०.८, शक्यतो एफ२ घ्या, आणि बोटांनी धरू नका. अर्थात गट पाडायला खरं वजन फारसं लागत नाही. ०.२ टक्के चूक म्हणजे छऱ्यामागे १ मिलिग्रॅम, आणि ती सगळ्यांना सारखीच. दर वेळी तोच आकडा येणं महत्त्वाचं.

घरात पंखा बंद, एसीचा झोत दूर, मोबाईल बाजूला. रेल्वेलाइनला लागून राहत असाल तर लोकल गेल्यावर आकडा स्थिरावू द्या. कडप्प्याचा जाड तुकडा आणि खाली रबर ठेवलं तर कंप बराच कमी होतो. पावसाळ्यात थंड खोलीतून काटा बाहेर आणला की आत दमट हवेतली वाफ पाणी होऊन जमते, म्हणून तोलायची खोली बदलू नका.

छर्रे शिशाचे असतात. दमट हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी धरली की वजनही बदलतं आणि ती हाताला लागते. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम नको, नंतर हात साबणाने धुवा.

तोलण्याआधी स्कर्ट (छऱ्याची मागची पातळ कड) वाकलेले छर्रे डोळ्यांनी वेगळे काढा. निशाणा तेच जास्त बिघडवतात. उरलेल्यांचे २ मिलिग्रॅमच्या पट्ट्यांत गट करा. यापेक्षा बारीक पट्टी काट्याच्या स्वतःच्या चुकीतच बुडते. एखाद्या डब्यात बहुतेक छर्रे दोन-तीन पट्ट्यांतच बसले, तर त्या लॉटचे आणखी डबे घ्या आणि पुढचे न तोलता वापरा.