नासर्डीवरचा फील्ड प्रोजेक्ट: चार विभाग मिळून कसा करायचा

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय सगळ्या शाखांना आला, पण बऱ्याच ठिकाणी तो फाइलच्या रंगीत कव्हरातच आटोपतो. मी केमिस्ट्री शिकवते. भूगोल, अर्थशास्त्र आणि मराठीच्या सहकाऱ्यांना गाठून नाशिकच्या नासर्डी नदीवर प्रोजेक्ट घेते. तुम्हाला घ्यायचा असेल तर आधी प्रश्न नीट निवडा.

‘नासर्डी प्रदूषित आहे का?’ हे विचारू नका, ते नाकच सांगतं. ‘सातपूरपासून टाकळीच्या गोदावरी-संगमापर्यंत पाणी कुठे बिघडतं, आणि तिथे ते कोण कशाला वापरतं?’ हे विचारा. मग एकट्या विभागाचं चालतच नाही.

गट मिसळून करा. सायन्सवाले बाटल्या घेऊन पुढे आणि आर्ट्सवाले वही घेऊन मागे, असं होऊ देऊ नका. विरघळलेला ऑक्सिजन मराठीच्या मुलीलाच मोजायला लावा. बीओडीची बाटली (घट्ट काचेच्या बुचाची, ऑक्सिजन मोजायची) पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहता कामा नये. काठावरच तिच्यात आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कलाइन आयोडाइड ही रसायनं घालायची. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. पांढरट राहिला तर जवळजवळ नाहीच. कॉलेजात आल्यावर बाटली उघडून हे केलं तर आकडा खोटा येतो. हातमोजे विसरू नका. स्नानाच्या पाण्यात लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, हा निकष मुलांच्या वहीत आधीच असू द्या.

त्याच वेळी, त्याच जागी केमिस्ट्रीचा मुलगा माणसांशी बोलेल. ‘पाणी घाण आहे का?’ नको, सगळे हो म्हणतात. ‘या आठवड्यात गोधड्या कुठे धुतल्या? जनावरं कुठे पाजता? वास कोणत्या वेळी वाढतो?’ असं विचारलं की माणसं बोलती होतात. वास रात्री वाढतो असं कुणी सांगितलं, तर सकाळच्या नमुन्यावर भागत नाही. वेळापत्रक बदला, मात्र रात्री शिक्षकाशिवाय कुणाला पाठवू नका.

भूगोलवाले मिळणारे नाले नकाशावर घेतात. त्यावरच ऑक्सिजनचे आकडे आणि मुलाखतीतल्या जागा मांडा.

खरं घोडं अडतं ते गुणांवर. प्रत्येक विभागाला आपलंच प्रकरण तपासायचं असतं. अहवाल एकच ठेवा, चौघांनी सह्या करा, आणि तोंडी परीक्षेत आर्ट्सच्या मुलाला साक्याचा रंग विचारा, सायन्सच्या मुलाला गोधड्या. सत्र सुरू होण्याआधीच प्राचार्यांकडून हे लेखी घ्या.