बडोद्याहून बेळगावला: शेवटचे शंभर किलोमीटर

बडोद्याला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर जो हायवे आहे, तोच बेळगावच्या अंगावरून पुढं जातो. ४८ नंबरचा. पूर्वी मुंबईपर्यंत तो ८ होता आणि तिथून खाली ४, बेळगावात अजून बरेच जण ‘एनएच फोर’च म्हणतात. ह्यांची बदली बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत झाली तेव्हा मला वाटलं, एकच तर रस्ता, त्यात चुकायचं काय? मुंबई, पुणे, कोल्हापूर सगळं नीट पार पडलं. फजिती झाली ती शेवटच्या चार किलोमीटरांत.

म्हणून पहिली गोष्ट: आदला मुक्काम पुण्यात किंवा त्याच्या पुढं करा आणि बेळगावात दुपारी पोचा. पुण्याहून साधारण ३४० किलोमीटर आहेत. सकाळी सहाला निघालं तर थांबत-थांबत दोन-तीनपर्यंत सहज होतं. आम्ही पुण्यात आत्याकडं जेवायला बसलो, निघायला एक वाजला आणि बेळगावात शिरताना रात्रीचे नऊ. मागच्या सीटवर सासरे, त्यांच्या पायाशी तुळशीची कुंडी, आणि बाहेर जूनअखेरचा पाऊस.

कोल्हापूर सोडल्यावर उरतात शंभर-एकशेदहा किलोमीटर. कागल संपलं की कोगनोळीचा टोलनाका, तिथून कर्नाटक. फास्टॅगमध्ये पैसे आधीच भरून ठेवा, पुढं हत्तरगीलाही नाका आहे. निपाणीनंतर तवंदी घाट आणि हत्तरगी ओलांडल्यावर वंटमुरी घाट. दोन्ही फार मोठे नाहीत, पण भरलेला ट्रक तिथं रांगतो. सामानाचा ट्रक आपल्यामागं दोन तास धरून चाला. पावसाळ्यात निघत असाल तर कोल्हापूरच्या अलीकडं शिरोलीपाशी पंचगंगेचं पाणी किती आहे, हे फोन करून विचारा. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी रस्त्यावर येऊन हायवेच बंद झाला होता.

आता शहरात शिरणं. काकती आलं, म्हणजे कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर, की वेग कमी करा आणि बेळगावकडं वळणारा फाटा बघत राहा. आम्ही बोलण्याच्या नादात सरळ गेलो. मोठी रोषणाई केलेली इमारत दिसली तेव्हा सासरे म्हणाले, “राजवाडा आहे वाटतं.” ती सुवर्ण विधानसौध, कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत, २०१२ मध्ये उघडलेली, धारवाडच्या बाजूला. कोल्हापूरकडून येताना ती दिसली म्हणजे बेळगाव मागं पडलं, एवढं ध्यानात ठेवा. हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा हॉटेलात खोली मिळायची मारामार, त्यामुळं डिसेंबरात येणाऱ्यांनी तारखा बघून यावं. एक नोव्हेंबर तर टाळाच. त्या दिवशी एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी माणसांचा काळा दिवस. सामान उतरवायचा तो दिवस नव्हे.

आमचं भाड्याचं घर बेळगावच्या शहापूर भागात, गल्लीत. मॅपनं रस्ता दाखवला, ट्रक किती रुंद ते मॅपला काय ठाऊक? ट्रक कोपऱ्यावर अडकला तो अडकलाच. ड्रायव्हर गुजराती, पाट्या कानडी, रात्रीचे साडेदहा. शेवटी तो म्हणाला, सकाळी बघू, आणि केबिनमध्ये झोपून गेला. आमच्या गाद्या ट्रकात, आम्ही फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून.

तेव्हा घरमालकांना आधीच विचारून ठेवा: ट्रक दारापर्यंत येतो का? येत नसेल तर मोठ्या रस्त्यावर उभा करून छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, आणि दोन हमाल सांगून ठेवा, दर आदल्या दिवशी ठरवून. पत्ता कानडीत लिहून मागवा आणि तो फोटो ड्रायव्हरला पाठवा. पाणी कितव्या दिवशी आणि किती वाजता येतं, हेही विचारा. जुन्या वीजबिलाचा फोटो मागून घ्या, हेस्कॉमचं, म्हणजे इथल्या वीज कंपनीचं, बिल भरताना त्यावरचे नंबर लागतात.

पहिल्या रात्रीचं सामान ट्रकात टाकू नका. माझी यादी आता पाठ आहे: दोन चादरी, बादली-तांब्या, कुलूप, बल्ब, टेस्टर, काडेपेटी, चहा-साखर, औषधं आणि सगळी कागदपत्रं. हे सगळं डिकीत. पावसाळा असेल तर ट्रकवर ताडपत्री एक नाही, दोन. इथला पाऊस दिवसचे दिवस बारीक लागून राहतो. आमच्या लाकडी कपाटाला आठ दिवसांत पाठीमागून बुरशी आली, ते भिंतीला चिकटवून ठेवलं होतं म्हणून. चार बोटं जागा सोडा.

बरोबर काहीतरी खाऊ आणा. मी लिलो चिवडा, आमच्या बडोद्याचा ओलसर चिवडा, आणला होता. सकाळी शेजारच्या काकू दारात: “कुठनं आलासा ओ वहिनी? जेवलासा काय राती?” मी नाही म्हणताच भाकरी, पिठलं आणि ठेचा आला. चिवडा तिकडं गेला, संध्याकाळी वाटीभर कुंदा, ही इथली दुधाची मिठाई, इकडं आला. बाजारात मराठी चालतं, तरी ‘एष्टु?’ म्हणजे किती आणि ‘साकु’ म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द पहिल्याच दिवशी उपयोगी पडले.

गॅस आणि गाडीची कामं जुन्या गावातच उरका. सिलिंडर-रेग्युलेटर परत करून व्हाउचर घ्या, त्यावर इथं नवं कनेक्शन मिळतं. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र. इथला रोड टॅक्स भरल्यावर जुन्या टॅक्सचा परतावा मागता येतो, म्हणून त्या जुन्या टॅक्सची पावती फाडून टाकू नका. आमची पावती ट्रकात, भांड्यांच्या खोक्यात, कढईभोवती गुंडाळलेली सापडली.